झोंबी दारात आल्यावर संध्याकाळचा दिवा कोण लावणार

साखळीच्या एका मुलीने विचारलंय. ती झोंबींवर कादंबरी लिहितेय, गोव्यातल्याच एका गावात घडणारी, त्यात एक आजी आहे देवाधर्माची आणि तिचा नातू इंजिनियर, काहीच न मानणारा. तिघांना वाचायला दिली तर तिघांचंही म्हणणं एकच पडलं की श्रद्धेचा भाग खोटा वाटतो. देवळाच्या पायरीवर झोंबी अडले तर पौराणिक सिनेमा वाटतो, नाही अडले तर आजी वेडी ठरते. मग हा भाग ठेवू की काढून टाकू, असं तिचं विचारणं आहे.

बाय, काढू नकोस. मी पंचवीस वर्षं जत्रांच्या नाटकांसाठी लिहितोय आणि बसवतोय, मधल्या काळात भयकथाही बऱ्याच लिहिल्या, नवीन मुलांचे खर्डे वाचून देतो त्यात आता झोंबी भरपूर येतात. एक गोष्ट मला पक्की वाटते ती आधी सांगतो. तू विचारतेयस की ह्या कॅरेक्टरचा देवावर विश्वास आहे की नाही. आपल्या गावात हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही, माणूस स्वतःलाही विचारत नाही. तू असं विचार की सगळं कोसळल्यावरही हा माणूस कुठलं काम चुकवणार नाही, आणि ते न चुकवण्याची किंमत कोण मोजणार. मग सीन आपोआप सुचतात बघ.

हे मला माझ्याच चुकीने कळलं. खूप वर्षांपूर्वी एका जत्रेसाठी एकांकिका लिहिली होती, मेलेली माणसं गावात परत येतात आणि शेवटी देवळातल्या समईच्या उजेडापुढे मागे हटतात. टाळ्या पडल्या. आपल्याकडे नाटक देवाच्या पुढ्यात होतं, त्यामुळे असा शेवट लोकांना आवडतोच. नाटक संपल्यावर वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, एक म्हातारी रंगपटात आली, त्याच पावसाळ्यात तिचा मुलगा तापाने गेला होता, आणि म्हणाली, "बाबा, दिवा आमच्याही घरात होता रे." रागाने नाही, नुसतं सांगितलं आणि गेली. मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या घरावरून गेलो तर तुळशीपुढे दिवा तेवत होता. दिव्याने मुलगा वाचवला नाही आणि तरी ती दिवा लावत होती, आणि हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या एकांकिकेत हीच बाई नव्हती. तुझ्या कादंबरीत ती आहे, फक्त तू तिला अजून काम दिलेलं नाहीस.

आता थोडं मागे जातो, कारण खोटेपणा कुठून येतो ते कळलं पाहिजे. झोंबी ही मुळात धर्मातूनच आलेली गोष्ट आहे. हैतीत फ्रेंचांचे साखरेचे मळे, आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम, त्यांच्यात वोडू धर्म रुजला. मेल्यावर तरी आत्मा आफ्रिकेतल्या आपल्या मुलखात परत जाईल एवढी एकच आशा, आणि झोंबी म्हणजे ज्याची ती आशाही हिरावली तो, मांत्रिकाने आत्मा कोंडून ठेवलाय आणि शरीर मेल्यावरही राबतंय. म्हणजे चावण्याची भीती नव्हतीच, गुलामी मरणानंतरही संपणार नाही ही भीती होती. हैती १८०४ साली स्वतंत्र झाला पण ती भीती गोष्टींत राहिली. पुढे १९६८ च्या एका अमेरिकन सिनेमाने मांस खाणारी, झुंडीने येणारी प्रेतं आणली, त्या सिनेमात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही, पण आज आपण ज्याला झोंबी म्हणतो तो तिथला. आणि तो अशा समाजात तयार झाला जिथे मेलेले एक दिवस शरीरासकट उठतील हे लहानपणापासून प्रार्थनेत म्हटलं जातं. त्यामुळे त्यांची माणसं आभाळाकडे बघून विचारतात की हेच का ते वचन, हाच का न्यायाचा दिवस. त्यांच्या तोंडी ते शोभतं.

आपली मुलं तेच डायलॉग उचलतात आणि पेडण्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी घालतात. देव असता तर असं झालं असतं का, वगैरे. तुझ्या खर्ड्यात हे वाक्य चार वेळा आहे. चारही काढ. संकट आलं की आपला माणूस विचारतो काय चुकलं, कुणाचं चुकलं, कुठलं देणं राहिलं. देव आहे की नाही हा मुद्दाच नसतो, देव आहेच, तो रुसलाय का एवढंच बघायचं असतं. आणि ह्यातून फार भयानक गोष्टी निघू शकतात, कारण चुकलं कुणाचं हे शोधायला गाव निघालं की बोट कुणाकडे जातं ते आपल्याला माहीत आहे. त्यावर येतो पुढे.

आधी आजीची पहिली रात्र. गोव्यात रात्री चालणारा कोणीतरी आधीपासूनच आहे हे तू विसरलीस! वेताळ रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक त्याला नव्या चामड्याच्या चपला वाहतात. देवचाराला, राखणदाराला रोट, विडी, दारू ठेवतात. तर ज्या रात्री तुझे झोंबी पहिल्यांदा वाड्यात शिरतात आणि बाहेर पाय ओढल्याचा आवाज येतो, तेव्हा आजी घाबरणार नाही. ती म्हणेल राखणदार आलाय, झोपा, दार उघडू नका. सगळ्या घराला तिच्या ह्या बोलण्याने धीर येईल. आणि मग तासाभराने तिला जाणवेल की ही चाल त्याची नव्हे. हा सीन मुंबईच्या रायटरला लिहिता येणार नाही. २०१३ मध्ये गोव्यात घडणारा हिंदी झोंबी सिनेमा आला होता, गमतीदार होता, मला आवडला, पण तो पार्टीला आलेल्या पाहुण्यांचा गोवा. तिथे वेताळ नव्हता.

आता मेलेल्यांचं. ह्यावर मी जास्त बोलणार कारण झोंबीच्या गोष्टीत श्रद्धेचा खरा कस इथे लागतो आणि बहुतेक सगळे इथूनच पळ काढतात, डोक्यात गोळी घातली की पुढचा सीन.

आपल्यात माणूस गेला की सुतक लागतं. गावात प्रेत असेपर्यंत बऱ्याच ठिकाणी देवळातली पूजासुद्धा थांबते. मग मला सांग, तुझ्या गोष्टीत माणूस मरतो कधी? चावला तेव्हा, श्वास थांबला तेव्हा, की उठल्यावर दुसऱ्यांदा पाडला तेव्हा? इंजिनियर नातवाला ह्याने फरक पडत नाही, पण आजीला दहावा कुठल्या दिवसापासून मोजायचा ते कळलं पाहिजे. आणि जो उठून रानात निघून गेला, परत सापडलाच नाही, त्याचं काय? शास्त्रात सोय आहे, प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, पालाशविधी म्हणतात. हे करून टाकल्यावर तोच माणूस अंगणात येऊन उभा राहिला तर? त्याचंही उत्तर जुन्या ग्रंथांत आहे बरं का, ज्याचं क्रियाकर्म झालं आणि तो जिवंत परत आला त्याला पुन्हा जन्मल्यासारखं जातकर्मापासून सगळे संस्कार करून घरात घ्यायचं. ग्रंथ लिहिणाऱ्यांनी जिवंत माणसाचा विचार केला होता, मेलेला परत येईल ह्याचा नाही. अर्धवट पोथी पाठ असलेला एक भटजी तुझ्या गावात ठेव आणि त्याला ह्या प्रश्नापुढे उभा कर, दारात मुलगा उभा आहे, आई म्हणतेय भटजी संस्कार करा तो आलाय, आणि भटजीला पोथीत उत्तर मिळतंय पण ते उत्तर चुकीचं आहे हे त्याला डोळ्यांनी दिसतंय.

शेजारच्या वाड्यातला ख्रिश्चन म्हातारा वेगळा अडकेल. त्याचे आईवडील सिमेट्रीत आहेत, २ नोव्हेंबरला तो तिथे मेणबत्त्या लावतो. शरीर उठणार ही त्याच्या धर्मातली आनंदाची गोष्ट. ओल्ड गोव्यात गोंयच्या सायबाचं, सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव १५५४ साली गोव्यात आणलं तेव्हापासून जपलंय, दर दहा वर्षांनी दर्शनाला बाहेर काढतात, २०२४ च्या नोव्हेंबरात काढलं तेव्हा आपण हिंदूही रांगेत होतोच. न कुजलेलं शरीर म्हणजे पवित्र, ही भावना त्याच्या रक्तात आहे. अशा माणसाने शेजारणीचं शरीर उठताना बघितलं तर त्याला पहिल्या क्षणी भीती वाटेल की गुडघे टेकावेसे वाटतील? एक क्षण तरी त्याला आशा वाटू दे. आणि मग सरकारचा हुकूम येतो की सगळी प्रेतं जाळा. चर्चने दहनाला १९६३ पासून परवानगी दिलेली आहे, फादर त्याला हे सांगेलही, पण म्हाताऱ्याचं मन परवानगीवर चालत नाही.

मुसलमान कुटुंब घेणार असशील तर एकच धागा पुरे आहे. जनाज्याची नमाज आणि दफन ही सगळ्या समाजावरची जबाबदारी, काही जणांनी केली की बाकीचे सुटले, कोणीच नाही केली तर सगळे गुन्हेगार. कॅम्पात एकच मुसलमान उरलाय असं धर. प्रत्येक मेलेल्या मुसलमानाचं देणं आता त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहे, बाकीचे म्हणतायत बाहेर जाऊ नकोस. तो जाणार. मला त्याच्यासाठी वाईट पण वाटतं आणि अभिमान पण.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर २०२१ आठव. माझे काका त्या मे महिन्यात गेले. चेहरा दाखवला नाही, लांबून एक गुंडाळलेलं काहीतरी दिसलं, पीपीई घातलेल्या दोन मुलांनी अग्नी दिला, आम्ही फाटकाबाहेर. काकी वर्षभर म्हणायची की ते नव्हतेच ते, दुसऱ्या कोणाचं तरी होतं. संध्याकाळी फाटक वाजलं की उठून बघायची. क्रियाकर्म हाताने न करता आल्यामुळे मरण पूर्ण होत नाही हे मी घरात बघितलंय. तुझी वाचणारी माणसं ह्यातून गेलेली आहेत. तू नीट लिहिलंस तर त्यांना झोंबी कुठल्या जगातला आहे हे विचारावं लागणार नाही.

आणि पळून जाण्याचा सीन. तुझ्या गोष्टीत गाव सोडताना लोक पॉवरबँक, तांदूळ, औषधं घेतात, बरोबर आहे. पण ह्या मातीत जग बुडाल्यासारखं एकदा झालेलं आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राज्यात देवळं पाडायला लागले तेव्हा कुशस्थळीहून मंगेश प्रियोळला, केळशीहून शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याहून म्हाळसा म्हार्दोळला गेली. गेली म्हणजे लोकांनी नेली, जुवारी नदी ओलांडून. होडीत जागा मोजकी असणार, सोबत म्हातारी माणसं, लहान मुलं, आणि त्यात देव. कुणीतरी काहीतरी मागे ठेवलं असणार त्या वजनासाठी. आपली जी मोठी देवळं आज फोंड्याच्या बाजूला दिसतात ती निर्वासितांची देवळं आहेत. तुझ्या माणसांनी गावातून निघताना देव्हाऱ्यातली मूर्ती घ्यायची की पाण्याचा कॅन घ्यायचा ह्यावर भांडण झालंच पाहिजे, आणि भांडणात दोन्ही बाजू बरोबर असल्या पाहिजेत. नातू म्हणेल दोन किलो पितळ. आजी म्हणेल तुझे पूर्वज हेच उचलून इथे आले म्हणून तू आहेस. मी हा सीन लिहिला असता तर मूर्ती नातवाच्याच सॅकमध्ये टाकली असती आणि पुढच्या पन्नास पानांत तिचं वजन त्याच्या खांद्याला जाणवत ठेवलं असतं, एक शब्द न बोलता.

देवळात राहणं मात्र तू चांगलं लिहिलंयस. अग्रशाळेच्या, म्हणजे भाविकांना राहायच्या खोल्या, तळी, विहीर, महाप्रसादाची मोठी भांडी, टेहळणीला दीपस्तंभ, हे एकदम पटतं. पण आवाजाचं बघ. तुझे झोंबी आवाजाला येतात असं तूच पहिल्या भागात लिहिलंयस, आणि मग आजी रोज घंटा वाजवते! वाजवू नकोस म्हणून सगळे तिच्यावर येणार. इथे मला वाटतं गाव कसं वाटाघाटी करतं ते दाखव. घंटेच्या लोळीला कापड गुंडाळतील. आरती ओठांतल्या ओठांत म्हणतील. गणपतीची चवथ आली तर आरतीची वाद्यं बंद, घुमट नाही, शामेळ नाही, कासाळं नाही, नुसती माणसं हात जोडून उभी, आणि ज्याने लहानपणापासून घुमट वाजवलंय त्या माणसाची बोटं मांडीवर चालतायत. चवथ घेच तू. गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधायला रानातली फळं लागतात, कांगलं, घागऱ्या, सुपारीचा कातरा, आणि रानात झोंबी आहेत. जाणार कोण? कोणीही शहाणा माणूस म्हणेल ह्या वर्षी राहू दे, देव समजून घेईल, आणि देव समजून घेईल हे आजीलाही पटेल कदाचित. तरी पहाटे कोणीतरी कोयता घेऊन गेलेला असेल. त्याचं तुला समर्थन द्यायची गरज नाही. वाचणारा चिडेल त्याच्यावर आणि तरी त्याच्या मागे मागे रानात जाईल.

आता ते चुकलं कुणाचं ह्याच्याकडे येतो. देवळात पन्नास माणसं अडकली की प्रश्न येतो आता पूजा कोण करणार. भटजी गेला. गुरव बाहेर राहिला. गावात प्रत्येकाचा मान ठरलेला, पालखी कुणी उचलायची, चौघडा कुणी वाजवायचा, गर्भागारात कुणी जायचं आणि कुणी सभामंडपाच्याही अलीकडे थांबायचं. ज्या माणसाच्या बापजाद्यांना आत घेतलं नाही तोच आज भिंतीवर पहारा देतोय आणि त्याच्याच जिवावर आतले जगतायत. त्याला आत जाऊन दिवा लावू देणार का? काही जण म्हणतील हा आत आला म्हणूनच देव कोपला. हे ऐकायला घाण वाटतं पण म्हणणारे असतात आणि तू ते टाळलंस तर कादंबरी अर्धी राहील. कौल लावायचा सीन इथे घाल, मूर्तीला पाकळ्या चिकटवलेल्या, गाऱ्हाणं घातलंय, उजवीकडची पडली तर हो, सगळे श्वास धरून, पाकळी पडतच नाही, दोन तास, बाहेर ते भिंत खरवडतायत. आणि पडते तेव्हा कुठली पडली हे तू मला सांगू नकोस, पण पडल्यावर ज्यांना निकाल आवडला नाही ते देवाचं ऐकतात का ते बघ. श्रद्धावान कोण हे तिथे कळतं.

२०१० मध्ये सुरू झालेल्या त्या प्रसिद्ध अमेरिकन झोंबी सिरीजमध्ये एक फादर आहे, फादर गेब्रियल, सुरुवातीलाच त्याने चर्चचं दार आतून लावून घेतलेलं असतं, आपलीच माणसं बाहेर ठोकत असतात आणि तो उघडत नाही. सगळ्या सिरीजमधलं मला पटलेलं धर्माचं कॅरेक्टर तेच, कारण त्याचा देवावर विश्वास आहे की उडाला ह्यावर ते उभं नाही, त्या एका दारावर उभं आहे. तुझ्या देवळालाही दार आहे आणि अजून तू ते कोणावर बंद केलेलं नाहीस.

नातवाबद्दल थोडंच. त्याला शेवटी हात जोडायला लावू नकोस, आणि त्याला मूर्खही ठरवू नकोस. काही न मानणारी माणसं पण कामं करतात. सगळे झोपल्यावर समईत तेल संपलंय हे त्याला दिसू दे, तेल स्वयंपाकाला पण कमी आहे, आणि तो काय करतो ते लिही. मी म्हणेन तो अर्धं तेल ओततो. देवासाठी नाही, सकाळी उठल्यावर तिला ते दिसणार म्हणून. त्याला विचारलंस तर तो हे श्रद्धा म्हणणार नाही आणि तू पण म्हणू नकोस.

राहिला तुझा शेवट. आजीला चावलंय, ती हरिनाम घेत शांतपणे जाते असं तू लिहिलंयस, आणि तेच सगळ्यात खोटं झालंय, कारण कोणाला काहीच करावं लागत नाही. आपल्यात जाणाऱ्या माणसाच्या तोंडात तुळशीचं पान आणि गंगाजल घालतात. सगळ्यांना माहीत असलेली, अगदी साधी गोष्ट. पण इथे आजीचं तोंड आहे, आणि ती कुठल्या क्षणी उठेल सांगता येत नाही. पान जिभेवर ठेवायला बोटं तोंडात न्यावी लागतात. चिमट्याने ठेवता येईल, कोणीतरी तसं सुचवेलच. आजी काही मागणार नाही, ती तोंड मिटून घेईल, पोरांची बोटं वाचावीत म्हणून. आणि खोलीत तिघे आहेत, सून, तो पहाऱ्यावरचा माणूस, आणि नातू, वाटीत पान भिजत ठेवलंय. हा सीन आधी लिही, बाकी कादंबरी नंतर. पान कोणी उचललं ते ठरलं की मला पाठव, मी वाचतो.